मेलबॉक्स फुगला की सिंक अडकलं? डिलीटला हात लावण्याआधी काय तपासायचं

ऑफिसात "माझे मेल येत नाहीयेत" अशी तक्रार आली की तिच्यामागे तीन वेगळी कारणं असू शकतात. सर्व्हरवर तुम्हाला दिलेली जागा संपलेली असते. किंवा तुमच्या संगणकावर मेल जिथे साठतात ती फाइल बेसुमार वाढलेली असते. किंवा जागा दोन्हीकडे मुबलक असूनही सर्व्हर आणि संगणक यांच्यातला ताळमेळ सुटलेला असतो. वापरणाऱ्याला तिन्हीत दिसतं ते जवळपास सारखंच: आउटलुक रडतखडत उघडतं, मोबाइलवर आलेला मेल संगणकावर दिसत नाही, पाठवलेला मेल आउटबॉक्समध्येच बसून राहतो.

गोची अशी की एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि कधी कधी नुकसानच करतो. सिंक अडकलेलं असताना घाबरून जुने मेल उडवणारे लोक असतात, आणि सर्व्हरवरचा कोटा, म्हणजे दिलेली जागा, भरलेला असताना आउटलुक काढून पुन्हा इन्स्टॉल करणारेही असतात. दोघांचाही दिवस वाया जातो, पहिल्याचे तर मेलही जातात. त्यामुळे सगळ्यात आधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवा: तुमच्या मेलची मूळ प्रत कुठे आहे आणि नक्कल कुठे आहे? ते कळलं की काय बिनधास्त उडवता येईल आणि कशाला बोटही लावायचं नाही, हे आपोआप ठरतं.

खाली मेनूंची नावं दिली आहेत ती विंडोजवरच्या जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकची आहेत. बहुतेक ऑफिसांत अडचणी तिथेच येतात. जीमेल आणि थंडरबर्ड (आउटलुकसारखाच एक मोफत मेल प्रोग्रॅम) यांच्याबद्दल जिथे वेगळं सांगायला हवं तिथे सांगितलं आहे.

पायरी १: खातं कोणत्या प्रकारचं आहे ते बघा

आउटलुकमध्ये 'फाइल', मग 'अकाउंट सेटिंग्ज', आणि पुन्हा 'अकाउंट सेटिंग्ज' उघडा. खात्याच्या नावासमोर प्रकार लिहिलेला असतो. शेजारच्या 'डेटा फाइल्स' या टॅबमध्ये त्या खात्याची फाइल संगणकावर कुठे आहे तेही दिसतं.

खातं एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टचा ऑफिसांसाठीचा मेल सर्व्हर) किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ चं असेल, तर मूळ प्रत सर्व्हरवर असते. संगणकावरची फाइल ओएसटी प्रकारची असते आणि ती निव्वळ नक्कल असते. मेल, कॅलेंडर, संपर्क, टास्क हे सगळं सर्व्हरवर सुरक्षित असतं.

खातं आयमॅप (मेल सर्व्हरवर ठेवूनच वाचण्याची पद्धत) असेल, तर मेलची मूळ प्रत सर्व्हरवरच असते, पण फक्त मेलची. आउटलुकमध्ये आयमॅप खात्याचं कॅलेंडर आणि संपर्क यांच्यापुढे 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असं लिहिलेलं दिसतं आणि ते शब्दशः खरं असतं. आउटलुक २०१३ पासून आयमॅप खात्यांनाही ओएसटी फाइल मिळते. त्यामुळे "ओएसटी म्हणजे नक्कल, उडवा बिनधास्त" हे एक्सचेंजबद्दल ऐकलेलं वाक्य इथे वापरलं, तर वर्षानुवर्षं जमवलेले संपर्क आणि मीटिंगा कायमच्या जातात. उडवण्याआधी त्या दोन्हींची वेगळी निर्यात करून ठेवायलाच हवी.

खातं पॉप३ असेल, तर परिस्थिती उलटी असते. पॉप३ मेल उतरवून संगणकावरच्या पीएसटी फाइलमध्ये टाकतं आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची की नाही, किती दिवस ठेवायची, हे एका सेटिंगवर अवलंबून असतं. आउटलुकच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही मुदत मुळात १४ दिवसांची असते. म्हणजे दोन आठवड्यांपूर्वीचा मेल जगात फक्त तुमच्या त्या एका पीएसटीत असू शकतो. इथे पीएसटी हीच मूळ प्रत असते, आणि तिचा बॅकअप नसेल तर पुढची एकही पायरी करू नका.

पॉप३ वर आणखी एक सांगायला हवं. एकच खातं ऑफिसच्या संगणकावर, लॅपटॉपवर आणि मोबाइलवर पॉप३ ने लावलं असेल, तर "सिंक होत नाही" ही तक्रारच चुकीची आहे. पॉप३ मध्ये सिंक नावाची सोयच नाही. लॅपटॉपवरून पाठवलेला मेल संगणकाच्या 'सेंट'मध्ये कधीच दिसणार नाही. सर्व्हर आयमॅप देत असेल, तर खातं आयमॅपवर नेणं हा त्यावरचा खरा उपाय.

पायरी २: वेबमेल उघडा

निदानासाठी याहून सोपी चाचणी नाही, तरी लोक ती सोडून सगळं करतात. ब्राउझरमधून तेच खातं उघडा. तिथे दिसतं ते थेट सर्व्हरवरचं असतं, तुमच्या संगणकावरच्या फाइलीशी त्याचा काही संबंध नसतो.

नवे मेल वेबमेलमध्ये दिसतात पण आउटलुकमध्ये नाहीत: बिघाड तुमच्या संगणकावर आहे. पायरी ५ किंवा ६ कडे चला.

वेबमेलमध्येही दिसत नाहीत: मेल सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाहीत, किंवा पोहोचून दुसरीकडे जातात. कोटा, स्पॅम फोल्डर आणि स्वतःच बनवून विसरलेले नियम तपासा. मेल पोहोचला नाही असं सांगणारा जो मेल पाठवणाऱ्याकडे परत गेला असेल तो मागवून घ्या, त्यात ५.२.२ असा आकडा असेल, तर तुमचा मेलबॉक्स भरलेला आहे. ५.२.३ असेल, तर मेलबॉक्स भरलेला नाही, तो एक मेलच मर्यादेपेक्षा मोठा आहे. हे दोन आकडे ओळखता आले तर बराच वेळ वाचतो.

वेबमेल स्वतःच मंद चालत असेल, तर आउटलुकशी झटापट करू नका. ते काम सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं आहे.

पायरी ३: मोजा

आउटलुकमध्ये 'फाइल', मग 'टूल्स', मग 'मेलबॉक्स क्लीनअप', आणि तिथे 'व्ह्यू मेलबॉक्स साइज'. एक्सचेंज खात्याला या खिडकीत दोन टॅब दिसतात: एक संगणकावरच्या साठ्याचा, दुसरा सर्व्हरवरच्या साठ्याचा. दोन्हींत फोल्डरनिहाय आकार असतो. एखाद्या फोल्डरचा आकार सर्व्हरवर ४ जीबी आणि संगणकावर ३०० एमबी दिसला, तर एकतर ते फोल्डर अर्धवट उतरलं आहे, किंवा आउटलुकला ठरावीक महिन्यांचेच मेल ठेवायला सांगितलेलं आहे. दुसरी शक्यता अगदी नेहमीची आहे आणि तिच्यात बिघाड काहीच नसतो; तिच्याबद्दल पायरी ५ मध्ये.

सर्व्हरवरची मर्यादा तुमच्या परवान्यावर ठरते. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या नेहमीच्या बिझनेस योजनांत मुख्य मेलबॉक्सला ५० जीबी मिळतात, मोठ्या एंटरप्राइझ योजनांत १०० जीबी. हा कोटा एका फटक्यात दार बंद करत नाही, तीन टप्प्यांत करतो. ५० जीबीच्या मेलबॉक्सला सर्वसाधारणपणे ४९ जीबीवर इशारा येतो, ४९.५ वर पाठवणं बंद होतं आणि ५० वर येणंही बंद होतं. म्हणूनच "मेल येतात पण जात नाहीत" असं कुणी म्हटलं की आधी कोटा बघावा. जीमेलच्या मोफत खात्याला १५ जीबी असतात, आणि ते ड्राइव्ह आणि फोटोंसकट. मेल जेमतेम दोन जीबीचे आणि खातं भरलेलं, असं तिथे सर्रास होतं.

जीबी मोजताना संख्याही मोजा. आकाराइतकाच, किंबहुना जास्त त्रास एकाच फोल्डरमध्ये मेलांचा ढीग पडल्याने होतो. मायक्रोसॉफ्टच्या मते एका फोल्डरमध्ये १,००,००० पेक्षा जास्त नोंदी झाल्या की आउटलुक अडखळू शकतं. यंत्रांनी आपोआप पाठवलेल्या सूचना ज्या फोल्डरमध्ये पडतात, तिथे हा आकडा कधी ओलांडला जातो ते कळतही नाही. मेल छोटे असतात, जीबीच्या हिशोबात ते फोल्डर दिसतच नाही, आणि आउटलुक मात्र दर वेळी तिथेच अडतं.

पायरी ४: सर्व्हरवरचा भार कमी करा

आधी विचारून घ्या. बऱ्याच ऑफिसांत ठरावीक वर्षांचे मेल जपून ठेवण्याचा नियम असतो, हिशेब, करार किंवा वाद यांच्यासाठी. तो नियम काय आहे हे माहीत नसताना पाच वर्षांचे मेल साफ करणं हे साफसफाईत मोडत नाही.

मग क्रमाने या.

'डिलीटेड आयटम्स' रिकामं करा. साधी गोष्ट, पण काही लोक त्या फोल्डरचाच कपाटासारखा वापर करतात, त्यामुळे रिकामं करण्याआधी आत काय आहे ते एकदा चाळा. दुसऱ्याचा मेलबॉक्स साफ करत असाल तर त्याला विचारल्याशिवाय अजिबात करू नका.

त्यानंतर 'सेंट आयटम्स'. इनबॉक्स सगळे आवरतात, पाठवलेल्या मेलांकडे कुणी फिरकत नाही. आणि तुम्ही जोडलेलं प्रत्येक प्रेझेंटेशन, प्रत्येक स्कॅन तिथे पडून असतं. एकच फाइल पाच जणांना पाच वेगळ्या मेलांतून पाठवली, तर पाच वेळा. यादी आकारानुसार लावा आणि वरून खाली या. पहिल्या दीडदोनशे मेलांतच एवढी जागा मोकळी होते, की खालच्या हजारो छोट्या मेलांकडे बघायचीही गरज उरत नाही. मेल हवा आहे, अटॅचमेंट नको आहे, अशा ठिकाणी मेल उघडून अटॅचमेंट आधी योग्य त्या फोल्डरमध्ये सेव्ह करा आणि मग मेलमधून काढून टाका. मजकूर, तारीख, कुणी कुणाला काय लिहिलं, हे सगळं जागच्या जागी राहतं.

अटॅचमेंटच्या आकाराबद्दल एक तांत्रिक गोष्ट इथे कामाला येते. मेलमधून फाइल पाठवताना तिचं बेस६४ नावाच्या पद्धतीने मजकुरात रूपांतर होतं, आणि त्यात आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो. एखाद्या सर्व्हरची मर्यादा २५ एमबी असली, तरी २० एमबीची फाइल जोडलेला मेल त्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो, तो यामुळेच.

लांबलेल्या चर्चांसाठी आउटलुकमध्ये 'क्लीन अप' नावाचं बटण आहे. एखाद्या चर्चेतला मेल पुढच्या उत्तरात जसाच्या तसा आलेला असेल, तर जुना मेल ते 'डिलीटेड आयटम्स'मध्ये टाकतं. "ठीक आहे", "धन्यवाद", "माझ्याकडूनही" अशा उत्तरांच्या माळा यात झटक्यात जातात. कोण कधी काय म्हणालं याचा पुरावा ठेवायचा असलेल्या फोल्डरांवर मात्र हे चालवू नका.

कॅलेंडरही बघा. मीटिंगच्या आमंत्रणांना जोडलेल्या फाइली वर्षानुवर्षं तिथे राहतात आणि कोट्यात मोजल्या जातात.

जीमेलमध्ये आकारानुसार यादी लावण्याची सोय नाही, पण शोधपट्टी हेच काम करते. इंग्रजीत 'लार्जर', लगेच कोलन, आणि पुढे जागा न सोडता दहा आणि एम हे अक्षर टाइप केलं, की १० एमबीपेक्षा मोठे मेल समोर येतात. प्रगत शोधाच्या खिडकीतही आकाराचा रकाना आहे. जीमेलमध्ये 'अर्काइव्ह' केल्याने जागा अजिबात सुटत नाही. मेल फक्त इनबॉक्समधून दिसेनासा होतो. डिलीट केलेला मेलही कचऱ्यात ३० दिवस राहतो आणि तोवर जागा खातो, म्हणून कोटा तातडीने मोकळा करायचा असेल तर कचराही हाताने रिकामा करा.

एक्सचेंजमध्ये याच्या उलट आहे, आणि इथे लोक विनाकारण घाबरतात. 'डिलीटेड आयटम्स'मधून काढलेले मेल 'रिकव्हरेबल आयटम्स' या लपलेल्या जागेत जातात आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये मुळात १४ दिवस राहतात. अ‍ॅडमिन ही मुदत ३० दिवसांपर्यंत वाढवू शकतो. या जागेला स्वतःचा वेगळा कोटा असतो, तुमच्या ५० जीबीत ती धरली जात नाही. तेव्हा कोटा मोकळा करण्यासाठी तिथे जाऊन मेल कायमचे पुसण्याची काही गरज नाही. चुकून उडवलेलं परत मिळवण्याची ती शेवटची जागा आहे, ती तशीच राहू द्या.

जुने मेल कुठे ठेवायचे

अ‍ॅडमिनने ऑनलाइन अर्काइव्ह चालू करून दिलं, तर दुसरा कुठलाही पर्याय शोधू नका. जुने मेल ठरवलेल्या वयानंतर आपोआप तिकडे जातात, ते सर्व्हरवरच राहतात, आणि संगणकावरच्या ओएसटी फाइलमध्ये त्यांची नक्कल साठत नाही. म्हणजे सर्व्हरवरचा मुख्य कोटा आणि संगणकावरची फाइल, दोन्हीचा भार एकदम हलका होतो. चालू केल्या केल्या काही हललं नाही म्हणून लगेच तक्रार करू नका. हे काम सर्व्हर मागे सवडीने करतो आणि त्याला आठवडाभरही लागू शकतो.

ते नसेल तर पीएसटी उरते. मला ती फारशी आवडत नाही. ती एका संगणकावर अडकते, डिस्क गेली की ती जाते, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाची पीएसटी कुठे होती हे कुणालाच माहीत नसतं. पण दुसरं काही हाताशी नसेल तर निदान नीट वापरा. दर वर्षाची वेगळी फाइल करा, म्हणजे एकही फाइल अवाढव्य होणार नाही आणि एक बिघडली तरी बाकीची वर्षं वाचतील. फाइल नेटवर्कवरच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवून तिथूनच उघडू नका. मायक्रोसॉफ्ट याला पाठिंबा देत नाही, आणि जोडणी मधेच तुटली की फाइल बिघडण्याची शक्यता मोठी असते. वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्येही चालू पीएसटी नको. आउटलुक ती सतत धरून असतं, तिच्यात एक मेल आला तरी अख्खी फाइल बदलली असं सिंकला वाटतं, आणि ओढाताण सुरू होते. बॅकअप घ्यायचा तर आउटलुक बंद करून फाइलची प्रत काढा.

मेल पीएसटीत हलवताना एका वेळी एक फोल्डर किंवा काही हजार मेल एवढाच घास घ्या. अख्खा इनबॉक्स निवडून ओढला की मधेच अडकतो, आणि मग अर्धे कुठे गेले हे शोधत बसावं लागतं.

आउटलुकच्या 'ऑटोअर्काइव्ह'बद्दल एक तक्रार फार ऐकू येते: "दोन वर्षांपूर्वीचे मेल हलवायला सांगितले, एकही हलला नाही." कारण असं, की ते मेल आल्याची तारीख आणि मेलमध्ये शेवटचा बदल झाल्याची तारीख या दोन्हींतली नंतरची धरतं. मागच्या महिन्यात जुने मेल दुसऱ्या फाइलमधून आयात केले असतील किंवा त्यांच्यातल्या अटॅचमेंट काढल्या असतील, तर आउटलुकच्या लेखी ते सगळे मागच्या महिन्यातलेच. अशा वेळी तारखेनुसार यादी लावून हाताने हलवणं हाच मार्ग.

पायरी ५: संगणकावरची फाइल हलकी करा

आउटलुक २०१० पासून पीएसटी आणि ओएसटी या दोन्ही फाइलींची मुळातली कमाल मर्यादा ५० जीबी आहे. २००३ आणि २००७ मध्ये ती २० जीबी होती. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, बदल करून मर्यादा वाढवता येते, आणि इंटरनेटवर तो उपाय लगेच सापडतो. तो टाळा. ५० जीबीला अडखळणारं आउटलुक ८० जीबीला चांगलं चालेल असं मानायला काही कारण नाही.

एक्सचेंज खात्यासाठी योग्य उपाय वेगळा आहे. 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये खात्यावर दोनदा क्लिक केल्यावर 'मेल टू कीप ऑफलाइन' अशी सरकपट्टी दिसते. ती 'ऑल'वर असेल तर एका वर्षावर आणा. जुने मेल सर्व्हरवरून जात नाहीत. ते फक्त संगणकावर साठवले जात नाहीत. फोल्डरच्या यादीच्या तळाशी सर्व्हरवरचे आणखी मेल दाखवण्याचा दुवा येतो, शोधातही तशी सोय असते. "माझे मागच्या वर्षाआधीचे मेल गायब झाले" ही घाबरवणारी तक्रार बहुतेक वेळा या सरकपट्टीवर येऊन संपते. वेबमेल उघडून मेल दाखवले की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो.

पट्टी सरकवली तरी डिस्कवरच्या फाइलचा आकार लगेच कमी होत नाही, हे लक्षात ठेवा. आतली जागा रिकामी होते, फाइल तेवढीच राहते. 'डेटा फाइल्स'मधून फाइलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'कॉम्पॅक्ट नाउ' करा, पण त्याला खूप वेळ लागतो. घरी जाताना लावून जा. एक्सचेंजच्या खात्यासाठी नवी ओएसटी बनवून घेणं बहुतेकदा जास्त लवकर होतं.

ओएसटी फुगण्याचं दुसरं कारण म्हणजे सामायिक मेलबॉक्स. विक्री, तक्रारी, भरती असे चार मेलबॉक्स तुमच्या आउटलुकमध्ये जोडलेले असतील, तर ते सगळे तुमच्याच ओएसटीत उतरतात. खात्याच्या 'मोअर सेटिंग्ज'मधल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'डाउनलोड शेअर्ड फोल्डर्स' ही खूण काढली, की ते थेट सर्व्हरवरून वाचले जातात. थोडे मंद उघडतील, पण तुमचा स्वतःचा इनबॉक्स मोकळा श्वास घेईल. सामायिक मेलबॉक्समधून डिलीट केलेले मेल मुळात डिलीट करणाऱ्याच्या स्वतःच्या 'डिलीटेड आयटम्स'मध्ये जातात, हेही माहीत असू द्या. तुमचं ते फोल्डर तुम्ही काही न करता का भरतं, याचं उत्तर कदाचित इथेच मिळेल.

नवी ओएसटी अशी बनवा:

१. खातं एक्सचेंज किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे याची पुन्हा खात्री करा.
२. आउटबॉक्स आणि 'ड्राफ्ट्स' बघा. आउटबॉक्समध्ये अडकलेले मेल सर्व्हरवर पोहोचलेले नसतात; त्यांचा मजकूर बाजूला काढून ठेवा.
३. अलीकडे लिहिलेलं, हलवलेलं सगळं वेबमेलमध्येही दिसतंय का ते पडताळा.
४. आउटलुक बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये ते मागे चालू तर नाही ना ते बघा.
५. ओएसटी फाइलचं नाव बदला, उडवू नका. 'डेटा फाइल्स'मध्ये तिचा पत्ता मिळाला होताच.
६. आउटलुक उघडा. ते नवी फाइल बनवून सगळं पुन्हा उतरवायला घेईल. मोठ्या मेलबॉक्सला काही तास लागतात, आणि तोवर शोध अर्धवटच चालेल.
७. दोन-चार दिवस सगळं सुरळीत चाललं की जुनी फाइल काढून टाका.

पीएसटी बिघडली असेल, तर तिच्यावर हा प्रयोग कधीही करू नका. तिच्यासाठी ऑफिसबरोबरच येणारं 'स्कॅनपीएसटी' हे दुरुस्तीचं साधन आहे. आधी फाइलची प्रत काढा आणि मग ते चालवा. त्रुटी सापडत राहिल्या तर पुन्हा चालवा.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांसाठी गोष्ट छोटी आहे. तिथे डिलीट केलेला मेल फाइलमध्ये तसाच राहतो, फक्त लपवला जातो. फोल्डर 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच जागा सुटते. यादी विचित्र दिसत असेल, तर फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रिपेअर फोल्डर' दाबा. त्याने फक्त सूची नव्याने बनते.

पायरी ६: सिंक अडकलंय, तर या क्रमाने

आउटलुकच्या खालच्या पट्टीत उजवीकडे काय लिहिलंय ते वाचा. 'वर्किंग ऑफलाइन' असेल, तर 'सेंड/रिसीव्ह' टॅबमधलं 'वर्क ऑफलाइन' बटण कुणाकडून तरी चुकून दाबलं गेलंय. हसू येईल, पण या तक्रारीची वारंवारता कमी नाही. 'नीड पासवर्ड' असेल, तर त्यावर क्लिक करा. पासवर्ड नुकताच बदललाय का, दुहेरी पडताळणीची खिडकी मागे लपलीय का ते बघा. 'डिसकनेक्टेड' असेल, तर नेटवर्क आणि व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी दुरून जोडणारी सोय) तपासा. आणि 'ऑल फोल्डर्स आर अप टू डेट' असं लिहिलेलं असूनही मेल दिसत नसेल, तर बहुतेक वेळा सिंकचा दोष नसतो. यादीवर गाळणी लागलेली असते, फक्त न वाचलेले मेल दिसत असतात, किंवा मेल 'फोकस्ड'ऐवजी 'अदर' या टॅबमध्ये पडलेला असतो. 'व्ह्यू' टॅबमधून 'रीसेट व्ह्यू' करून बघा.

एकच फोल्डर मागे पडलं असेल, तर अख्खी ओएसटी उडवायची गरज नाही. त्या फोल्डरवर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'क्लिअर ऑफलाइन आयटम्स', आणि मग 'सेंड/रिसीव्ह'मधून 'अपडेट फोल्डर'. संगणकावरची त्या फोल्डरची नक्कल पुसली जाते आणि सर्व्हरवरून ताजी येते. आउटलुक सर्व्हरशी जोडलेलं असतानाच हे करा.

काही ठरावीक मेलच अडकत असतील, तर कंट्रोल आणि ६ दाबून फोल्डरांची पूर्ण यादी उघडा. तिच्यात 'सिंक इश्यूज' नावाचं फोल्डर आणि त्याच्या पोटात 'कॉन्फ्लिक्ट्स', 'लोकल फेल्युअर्स', 'सर्व्हर फेल्युअर्स' अशी आणखी तीन दिसतील. एकच नोंद मोबाइलवर आणि संगणकावर वेगवेगळी बदलली गेली की तिची प्रत 'कॉन्फ्लिक्ट्स'मध्ये पडते. 'लोकल फेल्युअर्स'मधल्या नोंदी सर्व्हरपर्यंत गेलेल्याच नसतात, म्हणून त्या वाचल्याशिवाय पुसू नका. नोंदी वर्षानुवर्षं साठून हजारोंनी झालेल्या असल्या, तर पाहून झाल्यावर साफ करा.

आउटबॉक्समध्ये मोठ्या अटॅचमेंटचा मेल अडकला, तर त्याच्या मागचे सगळे खोळंबतात. आउटलुक आधी मुद्दाम 'वर्क ऑफलाइन'वर न्या, म्हणजे ते मेल पाठवण्याचा प्रयत्न सोडून देईल. मग तो मेल उडवा किंवा 'ड्राफ्ट्स'मध्ये ओढा, आणि पुन्हा ऑनलाइन या.

एवढ्यानेही सुटलं नाही, तर आउटलुक सेफ मोडमध्ये उघडा. कंट्रोल दाबून धरून चिन्हावर क्लिक केलं की ते तसं उघडायचं का असं विचारतं. सेफ मोडमध्ये नीट चाललं, तर गुन्हेगार एखादं अ‍ॅड-इन, म्हणजे आउटलुकला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, आहे. एकेक बंद करत शोधा. अँटिव्हायरसची मेल तपासणारी अ‍ॅड-इन यात वरच्या नंबरात असतात. सेफ मोडमध्येही तेच होत असेल, तर कंट्रोल पॅनेलच्या 'मेल'मधून नवं प्रोफाइल बनवा. जुनं लगेच काढू नका. नवं चालतंय याची खात्री होईपर्यंत दोन्ही राहू द्या.

आयमॅपच्या काही खोडी वेगळ्या आहेत. काही मेल प्रोग्रॅममध्ये आयमॅपवर डिलीट केलेल्या मेलवर आधी नुसती डिलीटची खूण लागते. तो 'पर्ज' केल्याशिवाय सर्व्हरवरून जात नाही. म्हणून एका यंत्रावर उडवलेला मेल दुसऱ्यावर काट मारलेला दिसत राहतो आणि कोटाही सुटत नाही. जीमेल आयमॅपने जोडलं असेल, तर 'ऑल मेल' या फोल्डरमुळे प्रत्येक मेल दोनदा उतरतो, आणि जास्त लेबलं असतील तर त्याहून जास्त वेळा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'लेबल्स'खाली 'ऑल मेल'समोरची आयमॅपमध्ये दाखवण्याची खूण काढा. गूगलने आयमॅपने उतरवण्यावर दिवसाला २,५०० एमबीची मर्यादाही घातली आहे. मोठं खातं नव्याने लावलं आणि काही तासांनी सिंक थबकलं, तर सेटिंग्जशी खेळू नका, दुसऱ्या दिवसाची वाट बघा. एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्याच चालतात. संगणक, लॅपटॉप, मोबाइल आणि टॅब मिळून तेवढ्या सहज होतात.

आणि जुनी यंत्रं. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्सचेंज ऑनलाइनमध्ये आयमॅप, पॉप यांच्यासाठी नुसत्या नाव-पासवर्डवर चालणारा प्रवेश बंद करायला सुरुवात केली. गूगलनेही तीच वाट धरली. बरोबर पासवर्ड टाकूनही एखादं जुनं मेल अ‍ॅप पुन्हा पुन्हा पासवर्डच मागत असेल, तर पासवर्ड बदलत बसू नका. ते अ‍ॅपच बदलायला हवं.

मोबाइलवर दोन गोष्टी बघायच्या: किती दिवसांचे मेल उतरवायचे ही सेटिंग, आणि बॅटरी वाचवण्यासाठी फोनने मेल अ‍ॅपला मागे झोपवलंय का. दुसरं कारण असेल तर अ‍ॅप उघडताक्षणी सगळे मेल धो धो येतात, आणि तीच त्याची ओळख.

आयटीकडे तक्रार नेताना

"मेल चालत नाही" एवढंच लिहून पाठवलं, तर पहिले दोन फोन फक्त चौकशीत जातात. त्याऐवजी हे लिहा: खात्याचा प्रकार काय, वेबमेलमध्ये तेच दिसतं का, खालच्या पट्टीतली ओळ जशीच्या तशी, मेलबॉक्सचा सर्व्हरवरचा आणि संगणकावरचा आकार, अडचण एका फोल्डरपुरती की सगळीकडे, किती वाजल्यापासून, आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं, म्हणजे पासवर्ड, नवा फोन, अपडेट, सामायिक मेलबॉक्स असं काही. परत आलेला मेल असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट पाठवू नका, तो मेलच अटॅचमेंट म्हणून जोडा. ज्या तांत्रिक ओळींवरून निदान होतं त्या स्क्रीनशॉटमध्ये नेमक्या कापल्या जातात.